भिवराबाईचा अंगठा आणि ध्रुवसेना

भिवराबाईला राग यायला फारसं काही लागत नसे. कुणी मेंढरांवर कुत्रं सोडलं, कुणी ओढ्याच्या पिण्याच्या पाण्यात बैल धुतले, नाहीतर रायभाननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, भाकरी गार झाल्यावर 'वाढ' म्हटलं, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पण हे राग दुपार कलेपर्यंत विझायचे. अठ्ठावन्न साली तिला जो राग आला तो मात्र विझला नाही, कारण तो गावातल्या कुणावर नव्हता. तो पुण्यावर होता. पुणं तिनं पाहिलेलं नव्हतं, परभणीच्या पलीकडं ती गेली नव्हती, तरी पुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ती पिंगळी स्टेशनच्या लिंबाखाली बसून करायची. ऐकणारे हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

भिवराबाई जातीची धनगर. घरची साठेक मेंढरं, चार शेळ्या, आणि दोन एकर मुरमाड रान. रायभानला दम्यानं धरल्यापासून मेंढरांमागं फिरणं तिच्याकडं आलं आणि लोकर कातरायची कातरही तिच्याच हातात आली. बाईमाणसानं मेंढरं कातरलेली गावाला पटत नव्हती, पण रायभान दोन मेंढ्या कातरून धापा टाकत बसायचा, तेव्हा गावातलं कुणी मदतीला आलं नव्हतं. पहिल्याच वर्षी कातर सटकली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचं पेर आडवं फाटलं. जखम भरली, वण राहिला. अंगठ्याच्या बरोबर मधून आडवी रेघ.

दुपारी ऊन चढलं की मेंढरं चरत नाहीत. एकमेकींच्या पोटाखाली तोंडं घालून उभी राहतात. त्या वेळेला भिवराबाई आपला कळप स्टेशनच्या लिंबांखाली आणायची आणि चातीवर लोकर कातत बसायची. पूर्णेची पॅसेंजर गेली की मनमाडकडची गाडी यायला दोन तास असायचे. तेवढ्या वेळात स्टेशनात काम नसे. बन्सीधरच्या हॉटेलात, म्हणजे चार मेढी आणि वर पत्रा अशा त्या सावलीत, सांधेवाला मुंजाजी येऊन बसायचा आणि वाचायचा.

हा मुंजाजी म्हणजे रूळ बदलणारा रेल्वेचा माणूस. निजामाच्या काळात चार इयत्ता उर्दूत शिकलेला. पोलीस ॲक्शननंतर मराठीचे दिवस आले तेव्हा पस्तिशीत दुकानांच्या पाट्या वाचत मराठी शिकला. एकदा कुणी प्रवासी बाकावर पुण्याचं एक मासिक विसरून गेला. मुंजाजीनं ते उघडलं आणि आत काय निघालं, तर आभाळातली लढाई. 'ध्रुवसेनेची मोहीम' नावाची क्रमशः गोष्ट. माणसांची ध्रुवसेना आकाशनौकांत बसून एका ताऱ्याकडं निघालेली, आणि वाटेत लोहगण, म्हणजे लोखंडाचे चालते-बोलते यंत्रमानव, त्यांच्यावर तुटून पडलेले. गोष्ट ऐन मोक्यावर तुटली होती. मुंजाजी महिनाभर सांधे बदलताना तीच तोंडात घोळवत होता. शेवटी बन्सीधरनं गिऱ्हाईक बसतं म्हणून हॉटेलच्या पत्त्यावर ते मासिक सुरू केलं.

आदल्याच साली रशियानं आभाळात एक गोळा फिरवला होता. त्यामुळं ह्या गोष्टीला खोटी म्हणायची कुणाची छाती नव्हती. मुंजाजीला तर वेडच लागलं. तो घासलेटच्या डब्यांचे, मोडक्या बर्नरांचे, रुळाच्या बोल्टांचे लोहगण बनवू लागला. फुटक्या सिग्नलच्या काचेचे तांबडे डोळे. अकरा लोहगण त्याच्या क्वार्टरच्या फळीवर रांगेनं उभे होते आणि त्यांना हात लावायची बायकोला परवानगी नव्हती.

बन्सीधर पहिल्यापासून लोहगणांच्या बाजूचा. चहा गाळता गाळता तो म्हणायचा, "त्यायला भूक न्हाई, तहान न्हाई, झोप न्हाई. माणूस काय टिकणार त्यायच्या म्होरं?"

"भादव्यात ह्या काळ्या रानात चालून दाखवा म्हनावं," भिवराबाई चाती न थांबवता म्हणायची. "दोन पावलात गुडघ्याइतका चिखल चढतंय. मानूस पाय झटकून चालतंय. लोखंड काय झटकणार?"

"माय, आभाळात चिखल कुठला?"

"मंग खाली उतरणारच न्हाईत का ते? जिथं उतरायचं तिथं रान असणारच की. आनि मला एक सांग मुंजाजी, ह्या ध्रुवसेनेची चारशे मानसं चार साल झाले जायलेत. खायलेत काय? एकदा बी जेवल्याचं लिवलं न्हाई त्येनं."

मुंजाजी पानं उलटून पाहायचा. खरोखरच कुणी जेवलं नव्हतं. लेखकाचं पितळ असं दर महिन्याला उघडं पडायचं आणि भिवराबाईला त्यात समाधान वाटायचं नाही, राग यायचा. लिहिणाऱ्यानं मनापासून लिहावं एवढंच तिचं म्हणणं होतं. आवडत नसतं तर ती कशाला ऐकत बसली असती? पाळलेल्या शेळीचं वेत बिघडलं तर माणूस रात्रभर जागतं तसं तिचं त्या गोष्टीशी होतं. घरी रायभानला ती एकेक प्रसंग पुन्हा सांगायची आणि तो खोकत खोकत विचारायचा, "मंग, सेनापती वाचला का?" धनी ऐकायलाय म्हटल्यावर तिला बरं वाटायचं.

चैत्राच्या अंकात गोष्ट अशा ठिकाणी थांबली: ध्रुवसेना एका ग्रहाजवळ विसावलेली. नौका बावन्न. त्यांतल्या सात नौकांत बायकापोरं. एवढ्यात लोहगणांची एकच नौका समोर दिसते, अर्धवट मोडलेली, धूर सोडणारी, आणि पळू लागते. इथं मासिकानं वाचकांना विचारलं होतं, सेनापतीनं आता काय करावं? एका कार्डावर मावेल एवढं उत्तर पाठवा. ज्याचं उत्तर सरस ठरेल त्याप्रमाणं पुढची लढाई लिहिली जाईल, उत्तर नावासकट छापलं जाईल, आणि बक्षीस म्हणून चावीवर चालणारा विलायती यंत्रमानव मिळेल. शेजारी त्याचं चित्र होतं. मुंजाजीनं त्या चित्रावरून हात फिरवला.

"पाठलाग," बन्सीधर म्हणाला. "जखमी हाय तवरच धरायचं."

"मी तर म्हनतो जागेवरून किरण सोडायचे," मुंजाजी म्हणाला. "जायचं कामूनच?"

भिवराबाईची चाती थांबली. ती एरवी थांबत नसे. "दोघं बी मेंढरं घालवून बसताल," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. दोन वर्षांमागं झरीच्या शिवारात भर दिवसा लांडगा दिसला. उघड्या माळावर, लंगडत. कुत्री भुंकत त्याच्या मागं गेली, रायभानचा भाऊ काठी घेऊन कुत्र्यांमागं गेला. तो लंगडा लांडगा ओढा ओलांडेपर्यंत लंगडला आणि पलीकडं जाऊन नीट पळाला. तेवढ्यात दुसरा लांडगा पाठीमागून आला आणि दोन कोकरं घेऊन गेला. तो कुणालाच दिसला नाही, कारण तो सूर्याच्या अंगानं आला होता आणि तिकडं पाहिलं की डोळे दिपत होते.

"दिसतो त्यो लांडगा न्हाई. दिसत न्हाई त्यो लांडगा," ती म्हणाली. "सेनापतीनं त्या मोडक्या नौकेकडं पाठ करावं. लेकराबाळाच्या सात नौका मधी घ्यावं, बाकीच्या भवतीनं लावावं, आनि तोंड दिवसाकडं करावं. डोळ्यावर हात धरून बगावं. खरी फौज तिकडून येनार."

बन्सीधरनं किटली खाली ठेवली. मुंजाजी म्हणाला, "माय, हे पाठवायचं."

लिहायला शाळेतले दत्तराव गुरुजी आले. अक्षर मोत्यासारखं. गावातले सगळे अर्ज, पत्रं, खरेदीखतं त्यांच्याच हातची. त्यांनी दौत काढली, भिवराबाईचं म्हणणं जसंच्या तसं, फक्त शुद्ध करून लिहिलं, आणि खाली जुन्या सवयीनं कागदाला लागतं ते सगळं लावलं. डाव्या बाजूला: 'निशाणी अंगठा, भिवराबाई भ्रतार रायभान, राहणार पिंगळी.' उजव्या बाजूला: 'दस्तुर, दत्तराव, शिक्षक.' दस्तुर म्हणजे हात ह्याचा, बोलणं दुसऱ्याचं. मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. भिवराबाईनं शाईत अंगठा बुडवून उमटवला.

"मधी रेघ आली," गुरुजी म्हणाले. "पुन्हा लावा बाई, नीट उमटला नाही."

"त्यो कातरीचा वण हाय, गुरुजी. कसा बी लावला तरी येनारच. राहू द्या."

कार्ड गेलं. वैशाख गेला. ज्येष्ठाचा अंक आला तेव्हा मुंजाजीनं उभ्यानंच पान फाडल्यासारखं उघडलं. उत्तर छापून आलं होतं. शब्द न् शब्द. 'दिसतो तो लांडगा नव्हे' ह्या वाक्याला तर चौकट होती. आणि सेनापतीनं पाठ फिरवली होती, सात नौका मधे घेतल्या होत्या, आणि सूर्याच्या उजेडातून लोहगणांच्या दीडशे नौका आल्या होत्या, आणि हरल्या होत्या. बन्सीधरनं स्वतःच्या बाजूची हार विसरून टाळी वाजवली.

"नाव वाच," भिवराबाई म्हणाली.

मुंजाजी वाचेना.

"वाच म्हनते ना."

'श्री. दत्तराव, शिक्षक, पिंगळी, जि. परभणी.' आणि खाली संपादकांची दोन ओळींची टीप: मागास भागात राहूनही ह्या विद्वान शिक्षकाचा युद्धशास्त्राचा खोल अभ्यास थक्क करतो.

भिवराबाईनं लोकर गुंडाळली. मेंढरं उठवली. वाटेत तिचं तोंड चालू नव्हतं, आणि हे गावाला पहिल्यांदाच दिसलं. आपल्या आयुष्यात आपलं नाव कुणी छापावं असं तिनं कधी मनात आणलं नव्हतं. पण एकदा छापतो म्हटल्यावर ते तिचं होतं. दोन कोकरं तिनं घालवली होती. ती अक्कल तिची होती, दत्तराव गुरुजींच्या बापाची नव्हती.

बरं, गुरुजींनी तरी दुसऱ्या दिवशी उठून सांगायचं की नाही? माणूस वाईट नव्हता. पण पंचायतीचे किशनराव हार घेऊन शाळेत आले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि गुरुजींनी मान खाली घातली. मान खाली घातली की हार गळ्यात सोपा पडतो. बक्षिसाची पेटी रेल्वेच्या पार्सलानं आली. मुंजाजीनंच ती उतरवून घेतली आणि पोचती केली, दोन्ही हातांनी धरून, देवाची मूर्ती न्यावी तशी. विलायती यंत्रमानव शाळेच्या काचेच्या कपाटात जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या वेळेला, भिवराबाईनं साठ मेंढरं आणि चार शेळ्या शाळेच्या पटांगणात नेऊन बसवली. धनगरानं एखाद्या शेतात मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, त्यासाठी शेतकरी पायघड्या घालतात. शाळेला खत लागत नाही हा भाग वेगळा. पोरं कोकरांशी खेळू लागली. प्रार्थना झाली नाही. एका शेळीनं हजेरीपट खाल्ला, निदान कोपरा तरी.

गुरुजी बाहेर आले. "बाई, हे काय करायलाव?"

"साळंला ग्यान लय झालंय, गुरुजी. थोडं खत बी लागंल. तुमचा खोल अभ्यास हाय, तुमाला कळंलच."

"मी त्यांना काही कळवलं नव्हतं हो. त्यांनीच तसं छापलं."

"छापलं त्येनी. हार कुनी घातला?"

गुरुजी आत गेले आणि काचेच्या कपाटातून यंत्रमानव घेऊन आले. वीतभर उंच, चौकोनी डोकं, छातीवर तांबडी पट्टी. "घ्या बाई. हा तुमचाच आहे."

भिवराबाईनं तो हातात घेतला, उलटा केला, चावी पाहिली. मग शेजारी उभ्या मुंजाजीकडं दिला. मुंजाजी गर्दी बघायला आला होता असं तो सांगायचा. खरा तो कशाला आला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. "तू ठेव. तुज्या रांगंत उभं कर," ती म्हणाली. "माज्या नावावर आलं न्हाई ते मी घरात घेत न्हाई. मला बाहुलं नको, गुरुजी. माजं नाव कुठं हाय?"

मुंजाजीनं तिथंच चावी दिली आणि यंत्रमानव पायरीच्या फरशीवर सोडला. तो घर्रघर्र करत ऐटीत चालला. फरशी संपली, माती लागली, आणि पहिल्याच ढेकळाला तोंडावर पडून पाय हलवत राहिला. एरवी ह्या विजयावर भिवराबाई महिनाभर जगली असती. बन्सीधर मान खाली घालून म्हणाला, "माय, जिंकलीस." तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्या दुपारी मेंढरं उठली ती गुरुजींनी तिच्यासमोर बसून पत्र लिहिल्यावरच. हे उत्तर माझं नाही, ते ह्या गावच्या भिवराबाई रायभान ह्यांचं आहे, मी केवळ लिहून घेतलं, कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. मुंजाजीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात खोट नव्हती. भिवराबाईनं गुरुजींच्या हातचं पाणी घेतलं आणि भांडण मिटलं. गुरुजी त्या दिवसापासून लिंबाखाली वाचनाला येऊन बसू लागले.

श्रावणाच्या अंकात दुरुस्ती आली असती तर ही हकिगत इथं संपली असती. आलं ते असं: आमच्या स्पर्धेचे विजेते श्री. दत्तराव ह्यांनी आपल्या यशाचं श्रेय गावातल्या एका अडाणी मेंढपाळ स्त्रीला दिलं आहे. असा विनय हल्ली दुर्मीळ. गुरू असावा तर असा. आणि खाली, विनयावर एक श्लोक.

मुंजाजीनं वाचून अंक मिटला. गुरुजींचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता, आणि ती थोबाडीत स्तुतीची होती म्हणून तर त्यांना हातही आडवा करता येत नव्हता.

"म्हंजी त्येला वाटलं, तुमी खोटं बोलायलाव," भिवराबाई सावकाश म्हणाली. "मोठ्या मनानं."

"होय बाई."

"खरं सांगितलं तरी तुमीच थोर."

"होय."

तिनं एकदा कळपाकडं पाहिलं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मी बी मेली काय येडी! दुनियेला शिकवायलेय, दिसतो त्यो लांडगा न्हाई म्हनून. आनि सोता साठ मेंढरं घिऊन साळंत जाऊन बसले. ह्यो गुरुजी दिसला म्हनून ह्येच्या मागं. ह्यो तर लंगडा." गुरुजींनी हे मुकाट्यानं ऐकून घेतलं. "खरा पुण्यात बसलाय. उजेडाच्या अंगाला."

तिथून तो राग सुरू झाला. पुण्यावरचा.

त्यानंतर दर अंकामागं एक कार्ड जाऊ लागलं. गोष्टीत जिथं जिथं लेखक चुकायचा तिथं तिथं भिवराबाई बोट ठेवायची, आणि गुरुजी लिहायचे. आपलं दस्तुर त्यांनी लावणं बंद केलं होतं. अश्विनात: तुमच्या सेनापतीनं पहारा बदलला नाही, तीन दिवस जागलेला पहारेकरी झाडालाही शत्रू समजतो. कार्तिकात: आईवेगळी नौका कळपात परत घेताना आधी तिला आपला वास लागला पाहिजे, म्हणजे खूण पटली पाहिजे, तुम्ही तशीच घेतली आणि लोहगण आत शिरले ते बरं झालं. मार्गशीर्षात: चारशे माणसं अजून जेवली नाहीत. प्रत्येक कार्डाच्या शेवटी नाव, आणि अंगठा. मधून आडवी रेघ.

उत्तर कधी आलं नाही. पण गोष्टीत फरक पडू लागला. माघाच्या अंकात ध्रुवसेनेनं पहारा बदलला. फाल्गुनात परत आलेल्या नौकेची खूण पटवली गेली. चैत्रात, पहिल्यांदाच, चारशे माणसं जेवायला बसली, आणि लेखकानं दोन पानं जेवणाचं वर्णन केलं. बन्सीधर म्हणाला, "माय, ही गोष्ट आता तूच लिवायलीस की."

"मीच लिवायलेय," भिवराबाई म्हणाली. "म्हनून तर जास्तच आग व्हायलीय." तिची आग खरी होती. कोकरू चोरीला गेलं तर माणूस एकदा रडतं. हिचं दर महिन्याला चोरीला जात होतं आणि वर चोर तेच कोकरू आणून तिला वाचून दाखवत होता.

रायभान म्हणायचा, जाऊ दे, नावानं काय पोट भरतं? एकदाच म्हणाला. तिनं त्याला विचारलं, "मंग मेंढराच्या कानाला खूण कामून करताव? बिनखुनंचं मेंढरू बी दूध देतंयच की." उलट कार्ड न्यायच्या दिवशी तो आठवण करून देऊ लागला.

आणि मग एकोणसाठच्या ज्येष्ठात, बरोबर वर्षानं, अंक आला आणि मुंजाजी सांध्याचा दांडा तसाच टाकून ओरडत आला. "माय! छापलं! तुजा अंगठा छापला!"

खरंच छापला होता. वाचकांच्या पत्रांच्या पानावर, वर कोपऱ्यात, काळा ठळक अंगठा. शेजारी मजकूर: 'पिंगळीचे एक निरक्षर वाचक दरमहा आम्हांस आपला अंगठा पाठवतात. त्यांच्या ह्या भाबड्या प्रेमाचं कौतुक म्हणून तो येथे सादर करीत आहोत.'

बन्सीधरनं तिथल्या तिथं सगळ्यांना चहा दिला. मनमाडच्या गाडीची वाट बघणारे दोन परके प्रवासी, त्यांनाही दिला. मुंजाजीनं बारा लोहगण आणून टेबलावर मांडले, विलायती सगळ्यांत पुढं. नाव नव्हतं आलं, मुद्दे नव्हते आले, बाईचा पुरुष करून ठेवला होता, पण अंगठा तर आला होता. पुण्याच्या कागदावर पिंगळीचा अंगठा. गुरुजींचे डोळे भरले. ते म्हणाले, "बाई, आता तरी राग सोडा."

भिवराबाईनं अंक हातात घेतला. हॉटेलच्या पत्र्याखालून बाहेर उन्हात आली. मासिक डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं. मग आपला डावा अंगठा छापल्या अंगठ्याशेजारी ठेवला.

"मुंजाजी, इकडं ये. रेघ कुठं हाय?"

मुंजाजीनं पाहिलं. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. अंगठा गुळगुळीत होता. भरलेला, मऊ, एकावर एक वळणं नीट बसलेली. कातर कधी न धरलेल्या माणसाचा अंगठा.

"छापताना पुसला असंल वण," बन्सीधर म्हणाला.

"ह्यो वण पुसत न्हाई. पुसत असता तर मीच पुसला असता," ती म्हणाली. "धा कारडं गेली माजी. धा अंगठे हायत त्येच्यापाशी. त्यातला एक बी उचलावं वाटला न्हाई. तितल्याच कुन्या बाबूनं शाईत बोट बुडवलं आनि झालं. अंगठा तर अंगठाच की. कुनाचा बी चालतंय. ह्यो अंगठा माजा न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. मेंढरं उन्हातून सावलीत सरकत होती तेवढाच आवाज होता. चहाचे पेले हातात घेऊन उभे असलेले दोघं प्रवासी एकमेकांकडं पाहत राहिले, कारण काय झालं ते त्यांना कळेना, आणि कुणी त्यांना सांगितलं नाही.

"कारड हाय का, गुरुजी?"

गुरुजींच्या खिशात कार्ड असायचंच. त्यांनी बाकावर बैठक मारली, दौत उघडली आणि नेहमीप्रमाणं वर 'संपादक महाशयांस' लिहायला टाक टेकवला.

"ते नका लिवू," भिवराबाई म्हणाली. "त्येला महाशय म्हनून लय झालं. नाव लिवा. माजं."

"शेवटी लिहितोच की, बाई."

"शेवटी न्हाई. हितून हितपर्यंत." तिनं कार्डाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बोट ओढलं. "एवढं मोठं. दुसरं काय छापायला जागाच उरू नये."

गुरुजींनी टाक उलटा धरला आणि जाड बाजूनं एकेक अक्षर काढू लागले. भि. व. रा. बा. ई. शाई दोनदा संपली. ते नाव वाळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली आणि मग शाईत अंगठा बुडवून तिनं तो नावाच्या बरोबर मधोमध, 'रा'वर, दाबून धरला. उचलला तेव्हा रेघ स्वच्छ आली होती.